महिनाभराचं पथ्य

बारामतीत एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यावर जिना चढून गेलं की उजव्या हाताला एक खोली होती. महिन्यातून दोन शनिवार पुण्याहून एक बाई तिथं येऊन बसायच्या. दारावर 'समुपदेशन' अशी पाटी होती. मी इंदापूरच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकलेली, पण तो शब्द मला दोनदा वाचावा लागला. खाली केसपेपर काढणारी मुलगी मात्र सरळ म्हणाली होती, "बोलायच्या डॉक्टरकडं ना? वर जा." बोलायचा डॉक्टर! कोऱ्हाळ्याहून सकाळच्या एसटीत उभ्यानं आलो ते काय बोलायला? बोलणारी माणसं घरी काय कमी होती?

नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षातली ही गोष्ट. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि नवरा-बायकोत जे होतं ते आमच्यात एकदाही झालं नव्हतं. आज हे वाक्य मी एका दमात लिहिलं. तेव्हा ते कुणापुढं उच्चारायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटायची. नवरा जवळ आला की माझं अंग लाकूड व्हायचं, दातखीळ बसायची. मी मुद्दाम करत नव्हते. पण मुद्दाम करत नाही हे पटवायचं कसं आणि कुणाला?

(नवऱ्याला मी इथं 'तो' म्हणणार आहे. तेव्हा 'आवं'च्या पुढं माझी मजल गेली नाही. आता वय झालंय, चालतं.)

सासूनं आधी अंगारा लावला, मग देवरुषाकडं नेलं, त्यानं लिंबू उतरवलं. कंटाळून शेवटी बारामतीच्या डॉक्टरबाईंकडं आणलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, अंगात काही दोष नाही. यावर सासूचा निकाल तयार होता. "दोष न्हाय म्हंजे खोड हाय." आबा, म्हणजे माझे सासरे, ते तर एकदाच बोलत आणि तोच कायदा असे. ते म्हणाले, "जेष्ठ सरायच्या आत काय ती वाट लागली पायजे. न्हायतर चार मानसं बसवू आन काडीमोड करू. लगीनतिथी हाईत तवर पोराचं दुसरं बघता यील." चैत्र चालू होता. म्हणजे माझ्या हातात अडीच महिने होते. डॉक्टरबाईंनीच मग या वरच्या खोलीचा पत्ता दिला होता, आणि 'दोघंच या' असं बजावलं होतं.

आत गेलो तर टेबलाच्या पलीकडं डॉक्टर आणि अलीकडं पेशंट असं काही नव्हतं. तीन सारख्या खुर्च्या, एक स्टूल, स्टुलावर तांब्या-भांडं आणि घडी घातलेला नॅपकिन. तपासायचा पलंग नाही, पडदा नाही, सुया उकळायचं भांडं नाही. ते बघून खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला रागच आला. सुई नाही तर गुण कसला येणार?

बाई पन्नाशीच्या होत्या. आमची नावगावं झाल्यावर त्यांनी आधी काय होणार नाही ते सांगितलं. इथं कपडे काढायचे नाहीत. इथं कुणी कुणाला हात लावणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर 'नको' म्हणायचं, कारण द्यायचं नाही. इथलं बोलणं खाली डॉक्टरबाईंनाही कळणार नाही. "आणि मी दोघांपैकी कुणाच्याही बाजूची नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा माझा जीव आणखीच खाली गेला. अख्ख्या दोन वर्षांत मला कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं. एवढं येऊन इथंही नाहीच का?

मग प्रश्न सुरू झाले. मला वाटलं होतं, एकदम आतल्या खोलीतलं विचारतील. त्या विचारत होत्या घरात माणसं किती, जेवायला कोण कधी बसतं, झोपता कुठं, दिवसातून दोघंच असे किती वेळ असता. "दोघंच?" नवरा म्हणाला आणि माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी मोजून ठेवलंय. मग त्यांनी विचारलं, शरीराच्या त्या भागांना तुम्ही काय म्हणता? त्याचे कान लालबुंद झाले. आमच्याकडं त्यासाठी एक तर बांधावरच्या भांडणातले शब्द, नाहीतर मुकाट्यानं खाली बघायचं. बाईंनी मांडीवरच्या वहीत पेनानं चित्र काढलं, शाळेत गुरुजींनी जिल्ह्याचा नकाशा काढावा तितक्या साधेपणानं, आणि एकेका जागेचं नाव सांगितलं. म्हणाल्या, भीती वाटली की हे स्नायू आपोआप आवळतात. डोळ्यापुढं कुणी बोट नाचवलं की पापणी मिटते, तसंच. पापणीला आपण हट्टी म्हणतो का?

मी दोन वर्षं हट्टी होते, खोडीची होते. एकाएकी मला रडू फुटलं आणि तो नॅपकिन तिथं कशासाठी ठेवलाय ते कळलं. नवरा घाबरून भांड्यात पाणी ओतायला लागला. अर्धं स्टुलावर सांडलं.

नंतर त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मूल," मी म्हणाले. हे पाठच होतं.

"ते घरच्यांना हवंय. तुम्हाला?"

"नांदायचंय मला."

"म्हणजे काय व्हायला हवंय?"

मला संतापच आला. ही बाई मला उत्तर सांगायच्या ऐवजी माझीच परीक्षा घेते? मी गप्प बसले. त्याही गप्प बसल्या. खाली रस्त्यावर उसाच्या मोळ्या लादलेला ट्रॅक्टर गचके देत गेला, त्याचा आवाज पार मिटेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. एवढा वेळ कुणी माझ्या बोलण्याची वाट बघितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मला बोलायलाच काही सुचेना. "राहू दे," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांगा." मग तो आत आणि मी बाहेर. तो काय बोलला ते मी कधी विचारलं नाही. बाहेर आला तेव्हा मात्र तोंड धुऊन आल्यासारखा दिसत होता.

शेवटी दोघांना समोर बसवून त्यांनी घरचा अभ्यास दिला. महिनाभर ते करायचंच नाही. प्रयत्नसुद्धा नाही, पूर्ण बंदी. त्याऐवजी रोज पंधरा मिनिटं दोघांनी एकमेकांशेजारी बसायचं. एकानं दुसऱ्याचा हात हातात घ्यायचा, तळव्यापासून कोपरापर्यंत, त्याच्या वर नाही. ज्याचा हात त्यानं सांगायचं, कुठं बरं वाटतंय, कुठं नको वाटतंय. बस्स.

जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, आणि तेवढंच फसवल्यासारखंही. परतीच्या एसटीत जागा मिळाली. आम्ही शेजारी बसलो. बंदी आहे म्हटल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा दंड माझ्या दंडाला लागला आणि मी आकसले नाही.

घरी सोप्यात सासू आणि आबा वाटच बघत होते. पायावर पाणी घ्यायच्या आत सासूनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

आता इथं नवऱ्यानं काय सांगायचं? पंधरा मिनिटं हात धरायला सांगितलाय, असं? बापापुढं? तो उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "पथ्य सांगितलंय. महिनाभर."

"कसलं पथ्य?"

"जवळ न्हाय जायाचं."

सासूचा चेहरा एकदम उजळला. अहो, पथ्य म्हणजे खरं औषध! नुसत्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, पण पथ्य तिला कळत होतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं महिनाभर चुलीपुढं डोकं नेलं नव्हतं. आणि नवरा-बायकोनं जवळ न जाण्याचं पथ्य पाळायची आमच्याकडं एकच रीत. आखाडात नव्या नवऱ्या माहेरी धाडतात, तीच. "मग हितं ठिवून पथ्य मोडायचंय व्हय?" ती म्हणाली. "उद्याच्या गाडीनं म्हायेरी जाऊ दे."

मी नवऱ्याकडं बघितलं. दीर-जावांनी बघितलं. आबांनी बघितलं. तो साखर कारखान्यात फिटर होता. सोमेश्वरनगरला बंद पडलेला पंप नुसत्या आवाजावरून ओळखायचा, वरचे इंजिनियर त्याला विचारून काम करायचे. आणि इथं त्याला एवढं म्हणता येईना, की आये, लांब राहायचं न्हाय, जवळ राहून गप राहायचंय. तो बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं उठून गेला. दुसऱ्या दिवशी धाकट्या दिरानं मला बारामतीच्या स्टँडवर आणून सोडलं. तिथून भिगवण, भिगवणहून सोलापूरकडची गाडी, आणि पळसदेवच्या फाट्यावर उन्हात मी एकटी उतरले. अभ्यास दोघांचा होता आणि मी एकटीच.

माहेरी आईनं आधी मला बघितलं, मग पिशवी. तिनं पिशवी उघडली आणि साड्या बाहेर काढल्या. आमच्याकडं मुलगी किती दिवसांसाठी आलीय ते साड्यांवरून कळतं. दोन साड्या म्हणजे सण, चार म्हणजे आजारपण. सासूनं सहा भरल्या होत्या. आईनं सहाही मोजल्या. "टाकली व्हय गं तुला?" मी म्हणाले, "पथ्य हाय." ती म्हणाली, "असलं कसलं पथ्य?" आणि ते मला तरी कुठं सांगता येत होतं? मग मला कळलं, नवरा एकटाच मुका नव्हता.

दिवस काही केल्या जाईना. धुणं झालं, सारवण झालं, दोन दिवसांत आईची सगळी भांडी घासून चकचकीत केली. तरी हात शिवशिवत होते. मी फाट्यापर्यंत जायचे, थांबलेल्या गाड्यांतून कोण उतरतंय ते बघायचे आणि परत यायचे. दिवसातून तीन-तीन वेळा. चहाच्या टपरीवाला शेवटी म्हणाला, "ताई, कुनाची वाट बघताय?" मी त्याच्यावर खेकसले. खरं तर मलाच माहीत नव्हतं, वाट नवऱ्याची बघतेय की काडीमोडीच्या निरोपाची. वडील रोज नुसते खाली, पाण्याकडं बघत बसायचे. उजनीचं पाणी त्या वर्षी लवकर उतरलं होतं आणि जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. धरणाआधीचं आमचं गाव तिथंच खाली होतं. उठवलेल्या माणसाची मुलगी सासरहून उठवली गेली, असंच ते मनात म्हणत असणार.

दुसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो आला. ना निरोप, ना सांगावा. जावई आला म्हणून वडिलांनी कोळ्याकडून मासे आणवले. जेवण झालं, पान झालं, दोघं लिंबाखाली पावसापाण्याचं बोलत बसले. मी आतून भांडी आपटत होते. एवढ्यात तो उठला आणि वडिलांना म्हणाला, "जरा पाण्याकडं जाऊन येतो. हिला घिऊन." वडिलांनी पानाची पिंक टाकायची थांबवली. दिवसाढवळ्या, सासऱ्यासमोर, बायकोला घेऊन फिरायला? पण नाही म्हणायलाही त्यांना काही सापडलं नाही.

पाणी हटलेल्या जागी गाळाला हातभर भेगा पडल्या होत्या. आम्ही पुढं-मागं चालत पाण्याच्या कडेला गेलो. समोर शिखर, अलीकडं होडीत जाळं सोडवत बसलेले दोन कोळी. एका जुन्या घराच्या जोत्याचे दगड उघडे पडले होते, त्यावर तो बसला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं दगडावर ठेवलं. "पंधरा मिन्टं," तो म्हणाला आणि हात पुढं केला.

मी आधी भांडले. मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. "त्या दिशी तोंडाला काय कुलूप लावलं हुतं का? पंप बोलतो तो ऐकू येतो, बायकू बोलत न्हाय ते कळंना?" तो ऐकत राहिला. कोळी वर बघायला लागले तेव्हा मी थांबले. दमले होते. मग त्याचा हात हातात घेतला.

दोन वर्षं एका घरात काढली आणि मला माहीत नव्हतं, की त्याच्या अंगठ्याच्या खाली वेल्डिंगच्या ठिणगीनं भाजल्याचा पांढरा डाग आहे. करंगळी पुरती सरळ होत नाही. मनगटाच्या आतली कातडी मात्र लहान मुलाच्या गालासारखी. "कसं वाटतंय ते सांगायचं आसतं," मी म्हणाले. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "हितं खाजतंय." मी हसले. तोही हसला. होडीतला एक कोळीही हसला, त्याला काय कळलं होतं देव जाणे.

मग माझा हात. त्यानं विचारलं, "नकू वाटतंय का?" असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि ज्या प्रश्नापुढं मी बारामतीत गप्प बसले होते त्याचं उत्तर इथं, काही न शोधता, तोंडातून बाहेर आलं. "मला खोलीला आतनं कडी पायजे."

"कडी?"

हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल. माझ्या सासरच्यांची पूर्वी मेंढरं होती. आबांच्या वडिलांनी ती विकून जमीन केली, मग पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पक्कं घर झालं. पण राहायची रीत मात्र मेंढरांच्या तळावरचीच राहिली. मेंढरं राखणाऱ्या माणसानं आतून दार लावून झोपायचं म्हणजे लांडग्याला आवतण. त्यामुळं सबंध घरात कुठल्याच खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, कुलपासाठी. आणि आमची खोली म्हणजे धान्याची खोली. लग्न होऊन सातवा का आठवा दिवस, पहाट व्हायची होती, आणि आमचं पहिल्यांदाच काही जमू बघत होतं. एवढ्यात दार ढकलून सासू आत आली. दळणाची ज्वारी मोजायचं मापटं पोत्यावर होतं. तिनं ते घेतलं, पोत्यातून चार मापटी ज्वारी टोपलीत घातली आणि गेली. तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या लेखी त्यात काही नव्हतंच.

"मग? आली आन गेली की," तो म्हणाला. त्याला तो दिवस आठवतही नव्हता.

"तुमच्यासाठी गेली," मी म्हणाले. "माझ्यासाठी आजून हुबीच हाय. तुमी जवळ आला की मी दाराकडं बघत आसती."

त्यानं दगडावर बोटानं एक आडवी रेघ ओढली. मग फिटरच तो, म्हणाला, "किती इंची पायजे?" मी बोटांनी दाखवली. आणि मग त्याचा चेहरा पडला, कारण कडी बसवायची ती आबांच्या डोळ्यांपुढं. बाप जिवंत असताना आतून कडी लावणं म्हणजे वेगळी चूल मांडण्याच्या बरोबरीचं. "आबा काय म्हनतील?" तो पुटपुटला. मी घड्याळ उचलून त्याच्या हातात दिलं. "कडी बशिवा, न्हायतर माझी पेटी धाडून द्या. जेष्ठाची वाट बघत मी बसनार न्हाय."

बोलून तर बसले, आणि मग पुढचे दिवस जीव टांगणीला. पुढच्या सुट्टीला तो आला नाही. मी फाट्यावर जायचं सोडलं आणि मग पुन्हा जायला लागले. महिना भरला त्या शनिवारी कुणालाही न विचारता मी एकटी बारामतीला गेले. म्हटलं, तो नाही आला तरी बाईंना उत्तर तरी देऊन टाकू.

तो आधीच येऊन बसला होता. खिसा फुगलेला. आत गेल्यावर त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून स्टुलावर ठेवली. नवी लोखंडी कडी, कोयंडा, सहा स्क्रू. कागद घामानं मऊ होऊन फाटायला आला होता. कितीतरी दिवस ती पुडी नुसती घरून कामावर आणि कामावरून घरी जात होती.

बाईंनी माहेरची सगळी कहाणी ऐकली. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "चूक माझी. घरी गेल्यावर हे कुणाकुणाला सांगावं लागेल, हे मी विचारलंच नाही." डॉक्टर माणूस स्वतःची चूक कबूल करतो हे मी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी एक खुर्ची नवऱ्यापुढं ओढली. "हे आबा. सांगा त्यांना."

हा काय पोरखेळ, असं माझ्या मनात आलं. पण त्या रिकाम्या खुर्चीपुढं त्याच्या कपाळावर खरोखर घाम आला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा "आबा" एवढंच निघालं. बाई म्हणाल्या, पुन्हा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आईला विचारून बघू का? बाई म्हणाल्या, नाही, हेच वाक्य, पुन्हा. सहाव्या की सातव्या वेळी ते पुरं बाहेर आलं, आणि एवढ्या जोरात की मी दचकले. "आबा, आमाला खोलीला आतनं कडी पायजे." मला एकाच वेळी त्याची दया आली आणि त्याचा अभिमान वाटला. लोक विचारतात, अशा खोलीत नेमकं काय करतात? आमच्या खोलीत एका जाणत्या माणसानं सात वेळा खुर्चीशी बोलणं केलं. मला तरी त्याहून अवघड काही आठवत नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघं घरी आलो. मला बघून सासू म्हणाली, "झालं व्हय पथ्य?" तो कामाची पिशवी घेऊन खोलीच्या दाराशी बसला आणि भोकं पाडायला गिरमिट फिरवायला लागला. सोप्यात पडलेले आबा उठून बसले.

"काय चाललंय?"

त्याचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. आता हा उठून बैलाकडं जाणार.

"कडी बशिवतोय. आतनं," तो म्हणाला. या वेळी वाक्य पहिल्या खेपेलाच पुरं झालं. "आमाला पायजे."

"चोर आत हाय का भायेर?" आबा म्हणाले.

त्यानं पहिला स्क्रू लावला, दुसरा लावला. सहाही लावेपर्यंत आबा बघत होते. मग पायात वहाणा सरकवून ते बाहेर गेले. चार दिवस मुलाशी बोलले नाहीत. मात्र त्या ज्येष्ठात चार माणसं बसवायचं नाव कुणी काढलं नाही.

कडी लागली आणि सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. बारामतीचा तो जिना आम्ही पुढं सहा वेळा चढलो. तळव्यापासून कोपर, कोपरापासून खांदा असं करत करत दिवाळी आली, आणि मग जे व्हायचं ते झालं, तेही रडतकढत. मुलगी झाली ती त्याच्याही नंतर.

पण मला पुन्हा पुन्हा आठवते ती कडीची पहिली दुपार. हत्यारं आवरून तो आंघोळीला गेला होता. मी खोलीत जाऊन कडी लावली. काढली, पुन्हा लावली. मग पोत्याला पाठ टेकून नुसती बसले. दोन वर्षांत त्या खोलीत मी दाराकडं पाठ करून कधी बसले नव्हते.

पाचेक मिनिटं झाली असतील. दार ढकललं गेलं आणि उघडलं नाही. पुन्हा ढकललं गेलं. सासूच्या बांगड्या वाजल्या.

"आगं, दार का लागंना? मापटं पायजे."

मी उठले, पोत्यावरचं मापटं घेतलं आणि कडी काढली. सासू त्या नव्या लोखंडाकडं बघत होती.

"हे काय गं?"

"पथ्य हाय, आत्याबाई."

"आजून? आता किती दिसाचं?"

"आता कायमचं," मी म्हणाले, मापटं तिच्या हातात दिलं आणि आतून कडी लावली.